नाण्यावरचा इंद्रधनुषी रंग: जमवताना या चुका टाळा

चांदीच्या जुन्या रुपयावर निळा, जांभळा, सोनेरी असा रंग चढलेला असेल तर विकणारा त्याचे साध्या रुपयापेक्षा बरेच जास्त पैसे मागतो. संग्राहक या रंगाला टोनिंग म्हणतात. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत असे रुपये अजून निघतात, देवघरातल्या डबीत नाहीतर आजीच्या पेटीत तळाशी. बाजारातली फसवणूक राहू द्या बाजूला, यातले बरेच रुपये आधी घरातच वाया जातात.

हा रंग येतो कसा, ते आधी बघू. हवेतलं गंधकयुक्त द्रव्य चांदीवर हळूहळू बसतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका, कधी त्याहूनही पातळ असतो. उजेड थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि खालच्या चांदीवरूनही परततो. हे दोन किरण एकमेकांत मिसळले की रंग दिसतो, पावसाळ्यात रस्त्यावरच्या पेट्रोलच्या डागात दिसतो तसाच. म्हणजे रंगाचा अर्थ थराची जाडी. खरं-खोटं ओळखायच्या बहुतेक खुणा यातूनच निघतात.

दिवाळीची घासाघीस

धनत्रयोदशीला पूजेचे रुपये बाहेर निघतात आणि चिंच, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, जे हाताशी येईल त्याने घासले जातात. मांडवीच्या आसपास चांदीच्या दुकानात दाखवायला नेलं, तर 'चमकावी आपुं?' असं प्रेमाने विचारतात आणि हो म्हणायच्या आत रुपया पॉलिशवर चढतो. आरशासारखा चकाकणारा व्हिक्टोरियाचा रुपया घरच्यांना नवा वाटतो. संग्राहकाला मात्र त्यावरच्या बारीक समांतर रेघा दिसतात आणि तो चांदीच्या भावापलीकडे फारसं काही द्यायला तयार होत नाही.

नाणं ठोकताना धातू साच्यात पसरतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म वळ्या उमटतात. कोऱ्या नाण्याची फिरती झळाळी या वळ्यांमुळे असते. घासलं की त्या जातात आणि परत येत नाहीत. बाटलीतल्या सिल्व्हर डिपबद्दलही (काळी पडलेली चांदी बुडवून पांढरी करायचं द्रावण) गैरसमज आहे. 'फक्त काळेपणा निघतो' म्हणतात, पण त्या काळेपणात नाण्याचीच चांदी असते आणि ती त्याच्याबरोबर वाहून जाते. दोन-तीनदा बुडवलेला रुपया पांढरा पण मेलेला दिसतो.

पूजा सोडा असं मी म्हणत नाही. झिजलेला एखादा पंचम जॉर्जचा रुपया पूजेसाठी कायमचा ठरवून टाका, बाकीचे तिकडे नेऊच नका. पंचामृत किंवा हळद-कुंकू लागलंच तर डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसू नका.

जितका भडक तितका अस्सल, असं मानणं

थर वाढतो तसे रंग ठराविक क्रमाने बदलतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-तांबूस, मग किरमिजी-जांभळा, मग निळा, मग फिकट आकाशी. थर आणखी जाड झाला की पुन्हा पिवळा, पुन्हा गुलाबी-किरमिजी, आणि त्यानंतर कुठे हिरवा. म्हणून पांढऱ्या चांदीला एकदम चिकटून ठसठशीत हिरवा दिसला, मधले रंग गायब, तर हात आखडता घ्या. नैसर्गिक थर बहुधा काठाकडून आत सरकतो आणि अक्षरांच्या आडोशाला त्याची चाल बदलते. रंग अक्षरांवरून, चेहऱ्यावरून, खाचांवरून सरसकट सांडल्यासारखा गेला असेल तर तो घाईने चढवलेला असण्याची शक्यता मोठी.

याहून सोपी खूण झिजेची आहे. झगझगीत रंगासाठी खालची झळाळी शाबूत लागते. राणीची वेणी झिजून सपाट झाली आहे आणि तरी नाणं मोरपिसासारखं रंगलंय, असं सहसा होत नाही. वर्षानुवर्षं हातांत फिरलेला रुपया राखाडी पडतो, खाचांत काळा होतो. मला तरी तोही सुंदर वाटतो, आणि तो स्वस्त मिळतो.

नाकही वापरा. गंधकाचा किंवा रसायनाचा वास येत असेल तर रंग ताजा आहे. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून रंग उतरला तर तो शाईचा किंवा रोगणाचा होता. उलटं मात्र खरं नाही: गंधकाने मुद्दाम चढवलेला थर अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, त्यामुळे 'अ‍ॅसिटोन टेस्ट पास' ही हमी नव्हे.

धातूही बघा. ब्रिटिश रुपया 11.66 ग्रॅमचा आणि 91.7 टक्के चांदीचा होता. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि तांबं, निकेल, जस्त मिसळलं गेलं, तेव्हा तो व्हिक्टोरियाच्या रुपयासारखा रंगेल ही अपेक्षा नको. 1947 चा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही. आणि अलीकडच्या स्टेनलेस स्टीलच्या रुपयावर इंद्रधनुष्य दिसलं तर तो बहुधा गॅसवर तापवलेला असतो. तसे रुपये हजाराला विकणारेही भेटतात.

बडोद्याच्या नाण्यांना ब्रिटिश नियम लावणं

बडोदा संस्थानाचा जुना बाबाशाही रुपया हाताने ठोकलेला, जाड आणि ओबडधोबड. त्याला नीट काठच नाही, मग 'काठाकडून आत' ही खूण त्यावर कशी शोधणार? तिथे ठशाच्या खोल भागातली काळी-करडी छटा बघायची. तिसऱ्या सयाजीरावांचे छबीचे रुपये यंत्रावर पाडलेले आहेत, त्यांना वरचे नियम चालतात. मात्र त्यांच्यावरचं वर्ष विक्रम संवतातलं असतं. 1948 वाचून 'स्वातंत्र्यानंतर गायकवाडांचं नाणं कसं?' म्हणत ते खोटं ठरवणारे आणि त्याच कारणाने दुर्मिळ म्हणून विकणारे, दोघेही आहेत. 57 वजा करा, 1891 येतं. (संवताच्या ज्या महिन्यांत पुढचं इंग्रजी वर्ष लागलेलं असतं, त्यांसाठी 56.)

तांब्याच्या पैशांवर चांदीचा हिशेब लावू नका. तिथे गुळगुळीत तपकिरी पॅटिना, म्हणजे जुनेपणाने आलेला थर, हाच दागिना. झगझगीत निळा-जांभळा तांब्याचा पैसा बहुतेक वेळा रसायनातून किंवा आचेवरून आलेला असतो. फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे धातू खात जाणारा गंज, समजा. ते नाणं लगेच वेगळं काढून कोरडं ठेवा.

साठवण

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. तो लवकर लक्षात आला तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन नाणं बुडवून ठेवा, खिडकी उघडी, देवघरातला दिवा आणि गॅस लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेलं आणि सुगंध असतात. या अंघोळीने खरं टोनिंग जात नाही. नंतर नाणी मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवा. रबरबँड डब्याच्या आसपासही नको, त्यात गंधक असतं.

आषाढ-श्रावणात डब्यात सिलिका जेल हवंच, आणि ते अधूनमधून तापवून कोरडं करायचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तशी वेळ आली तर नाण्यावरचा गाळ वाळू देऊ नका. वाळल्यावर तो पुसला जातो आणि त्यातली वाळू नाणं खरवडते. ओलं असतानाच डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा.

फोटो आणि प्रमाणपत्र

फोटोवर विकत घेताना दिवसाच्या उजेडात नाणं तिरकं फिरवतानाचा व्हिडिओ मागा. खरा थर कोन बदलला की रंग पालटतो, काही कोनांत तर जवळजवळ विझतो. फोटोत भडकवलेला रंग व्हिडिओत उघडा पडतो. विक्रेता व्हिडिओला टाळाटाळ करत असेल तर पुढे बोलणं नको.

रंग नैसर्गिक आहे का हे ठरवून घ्यायला काहीजण नाणं अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीकडे (नाण्याची अस्सलता आणि दर्जा तपासून प्रमाणपत्र देणारी) कुरिअर करतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यात येतं आणि ते असं देशाबाहेर पाठवता येत नाही. सयाजीरावांचा छबीचा रुपया या मर्यादेच्या कधीच पलीकडे गेला आहे. त्यापेक्षा तो एखाद्या जुन्या संग्राहकासमोर भिंगाखाली धरा आणि त्याने नाक मुरडलं तर का, ते विचारा.