झड लागलीय, झारी खाली ठेवा

आर्द्रा नक्षत्र लागलं आणि ऊन गायब झालं. निफाड-दिंडोरी पट्ट्यात खरीप टोमॅटोची रोपं सध्या शेडनेटमध्ये, पडवीत, तर कुणाकडे गोठ्याच्या पत्र्याखाली ट्रेमध्ये उभी आहेत. वरून पाऊस लागत नाही, म्हणून घरचं माणूस सवयीनं सकाळ-संध्याकाळ झारी फिरवतं. रोपं हातची जातात ती इथंच.

फोन येतो, "भाऊ, रोपं रात्रीत बसली, काय मारू?" मी आधी विचारतो, पाणी कधी दिलं? उत्तर ठरलेलं, काल संध्याकाळी.

बसलेलं रोप हातात घेऊन बघा. पानं हिरवीगार असतात. कोकोपीटला (ट्रेत मातीऐवजी भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) लागून असलेली मान मात्र पाणी धरलेली, काळपट, दोऱ्याएवढी बारीक. चिमटीत धरली की साल निसटते. हीच रोपांची मर. ट्रेच्या एका कोपऱ्यात सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे कप्पे आडवे. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशा सगळीकडेच असतात, त्यांना जोर येतो तो ओलीनं आणि कोंदट हवेनं.

म्हणून झारी उचलण्याआधी ट्रे उचला. ९८ कप्प्यांच्या ट्रेचं ओलं वजन आणि सुकलेलं वजन दोन दिवसांत हाताला कळायला लागतं. तरी शंका वाटली तर मधल्या कप्प्यातलं पीट चिमटीत दाबा. पाणी सुटलं तर त्या दिवशी पाणी नाही. झडीत दोन-दोन दिवस पाण्याविना मी रोपं ठेवलेली आहेत, काही होत नाही. कडेचे कप्पे आधी सुकतात, तेवढ्यांनाच द्या, आणि तेही सकाळी दहाच्या आत. दुपारनंतर थेंबही नको. ट्रे जमिनीवर टेकलेले असतील तर आजच विटांवर किंवा बांबूवर घ्या, नाहीतर खालच्या भोकांतून पाणी निघतच नाही. पडदे दिवसा गुंडाळून ठेवा, वारा खेळू द्या.

पीटवर हिरवं शेवाळ धरलं की चार दिवसांत मर येते, हा माझा अंदाज. पुस्तकात सापडणार नाही, पण फसलेला आठवत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं चुलीची राख चाळून भुरभुरायची. वरचा थर कोरडा पडतो हे खरं, पण ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यात राख जास्त झाली तर खार चढतो. चिमूटभरच टाका.

मर दिसलीच तर बसलेली रोपं पीटसकट काढा. आजूबाजूच्या कप्प्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळाशी ओता. पण आळवणी म्हणजेही पाणीच, हे कुणी लक्षात घेत नाही. ट्रे जरा हलका झाल्यावरच करा आणि त्या दिवशी दुसरं पाणी देऊ नका. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी (लिटरला ५ ग्रॅम), ती रोगाच्या आधी द्यायची. बुरशीनाशकासोबत दिली तर तीच मरते, मध्ये ८-१० दिवस जाऊ द्या. पाकिटातलं रंगीत बी प्रक्रिया केलेलंच असतं, घरच्या बियाला थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळा.

दुकानात या दिवसांत ह्युमिक, रूट बूस्टर, शेवाळाचा अर्क अशा तीन बाटल्या एकत्र बांधून हातात देतात. दोन पानांच्या रोपाला एवढी भूक नसते. कुजलेली मान कुठल्याच बाटलीनं जुळत नाही. ते पैसे बांबू-सुतळीला ठेवा.

बाकी नेहमीचं:
– पेरलेले ट्रे एकावर एक रचून झाकणे. कोंब दिसताच सुटे करणे (टोमॅटो ३-५, मिरची ६-८ दिवस). एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुळकी होतात.
– ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी.
– १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम, बाराव्या आणि विसाव्या दिवशी. रोपं गर्द हिरवी असतील तर दुसरा हप्ता नको.
– लागवडीआधी ५-७ दिवस पाणी कमी, सावली कमी.
– लागवडीचं वय: टोमॅटो २१-२५, वांगी ३०-३५, मिरची ३५-४० दिवस.

मर आलेल्या ट्रेमधलं पीट पुन्हा वापरू नका, उकिरड्यावरही टाकू नका. तेच पुढच्या वर्षी शेणखतातून वावरात येतं. बांधापलीकडे खड्ड्यात पुरा, आणि ट्रे घासून, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, उघडीप मिळेल त्या दिवशी उन्हात पालथे घाला.