मृग बहरातला तेल्या आणि ‘स्ट्रेप्टो’ची पुडी

सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात डाळिंबाचा मृग बहर, म्हणजे जून-जुलैच्या पावसावरची फुलं, धरला असेल आणि चार दिवस ढगाळ हवा, रिपरिप पाऊस चालू असेल, तर सकाळी झाडाचं पान उजेडाकडे धरून बघा. टाचणीच्या डोक्याएवढा, पाणी मुरल्यासारखा ठिपका दिसला तर तो तेल्या रोग. फळावर हाच डाग काळा पडतो आणि मधोमध एल किंवा वाय आकारात तडकतो.

डाग दिसला की हात जातो ‘स्ट्रेप्टो’च्या पुडीकडे. तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांच्या उपचारातली प्रतिजैविकं. तेल्या बुरशीमुळे नाही, जीवाणूमुळे होतो, आणि जीवाणूंची एक खोड आहे. त्यांच्या पोटात मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी गोल कडी असू शकते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. औषध निकामी करणारी जनुकं अनेकदा या कडीवर असतात, आणि जीवाणू शेजाऱ्याला चिकटून तिची नक्कल देऊन टाकतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. हगवणीचा जीवाणू आणि ई. कोलाय यांच्यातली ही देवघेव जपानी संशोधकांनी 1959 च्या सुमाराला दाखवली.

नवी कडी जीवाणूला जड जाते. औषध नसेल तर कडीवाले मागे पडतात, काही ती टाकूनही देतात. पण दर आठवड्याला फवारा मिळत राहिला, तर कडीवालेच उरतात आणि पिढ्यांमागून पिढ्या बदलत जाऊन त्यांना ती पेलू लागते. नवा बैल जुवाला रुळावा तशी. मग फवारणी बंद केली तरी कडी सहजासहजी सुटत नाही. भरीस भर म्हणजे काही रोगकारक जीवाणूंत तांबं आणि स्ट्रेप्टोमायसिन, दोन्ही पचवणारी जनुकं एकाच कडीवर सापडली आहेत. तिथे नुसतं ताम्रयुक्त औषध मारलं तरी स्ट्रेप्टोचा प्रतिकार जपला जातो. दोन्ही एकत्र मारलं म्हणजे डबल काम, हा हिशोब तिथे उलटा पडतो.

म्हणून ‘डाग नाही, पण मारून ठेवू’ ही फवारणी सोडा. डागाळलेली पानं-फळं कोरड्या वेळी काढा आणि बागेबाहेर जाळा. पानं ओली असताना बागेत शिरू नका. दर झाडानंतर कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. मजुरांना कंटाळा येतो, म्हणून दोन कात्र्या ठेवा. ज्या बागेत दरवर्षी तेल्या येतो तिथे मृग सोडून हस्त बहर (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) धरावा, असं माझं मत.

एवढं करूनही डाग वाढले तर मात्रा वाढवू नका. डागाळलेली पानं कागदी पिशवीत घालून सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, आणि आधी काय-काय मारलं ती चिठ्ठी सोबत न्या.