भात निसवण्यापूर्वीची बुरशीनाशक फवारणी: वेळ, गट आणि नोझल

मुंबईच्या गोराई-मनोरी भागातील खाचरांपासून वसई, शहापूर आणि कर्जतपर्यंत हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात आता पोटरीत (लोंबी बाहेर पडण्यापूर्वी पानाच्या आवरणात फुगते त्या अवस्थेत) येत आहे, तर गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या वाणांना अजून अवकाश आहे. पावसाची उघडझाप, रात्रभर ओली राहणारी पाने आणि युरियाचा सढळ हात हे तिन्ही जुळून आले की करपा हा बुरशीचा रोग झपाट्याने पसरतो. म्हणून पानांवर मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसताच युरियाचा पुढचा हप्ता थांबवावा आणि ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के भुकटी लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे सोळा लिटरच्या पंपाला सुमारे १० ग्रॅम, या प्रमाणात फवारावी. टोपणाच्या अंदाजाने औषध मोजू नये.

पर्णकोष करपा, म्हणजे खोडाभोवतीच्या पानाच्या आवरणावरचा बुरशीरोग, मात्र पाण्यालगत, चुडाच्या (भाताच्या फुटव्यांच्या झुबक्याच्या) बुडाशी सुरू होतो. वरवर फवारा मारून पाने भिजतात आणि रोग खाली तसाच राहतो, आणि मग औषध बनावट असल्याची तक्रार होते. बहुतेक वेळा दोष नोझलच्या दिशेचा असतो. तणनाशकाचे नोझल काढून पोकळ शंकूच्या आकारात फवारा उडवणारे बसवावे, ते खाली झुकवावे आणि एकरी सुमारे २०० लिटर पाणी वापरून हेक्झाकोनॅझोल ५ टक्के प्रवाही लिटरला २ मिलि या प्रमाणात चुडाच्या बुडापर्यंत पोहोचवावे.

हेक्झाकोनॅझोलनंतर दुसऱ्या फवारणीला प्रोपिकोनॅझोल घेतल्यास नाव बदलते, गट बदलत नाही. ही दोन्ही औषधे बुरशीवर एकाच ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे एकाला सरावलेली बुरशी दुसऱ्यालाही दाद देईनाशी होऊ शकते. त्याऐवजी व्हॅलिडामायसिनसारखे वेगळ्या गटातील औषध निवडावे.

आभासमय काजळी या दाण्यांवरील बुरशीरोगाच्या पिवळ्या-हिरव्या गाठी लोंबीवर दिसू लागल्यावर फवारणीचा उपयोग होत नाही, कारण बुरशीचा शिरकाव पोटरीतच झालेला असतो. मागील वर्षी गाठी आलेल्या खाचरात पोटरीच्या अखेरीस फवारणी करावी. फुलोऱ्यात सकाळची वेळ टाळावी, कारण भात दुपारपूर्वी फुलते.

शेवटच्या फवारणीपासून कापणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे ते लेबलवर पाहावे. खाचराचे पाणी खाडीत उतरत असेल तर फवारणीपूर्वी बांधाची तोंडे बंद करावीत आणि पंप खाडीत किंवा ओढ्यात धुऊ नये. अॅझॉक्सीस्ट्रोबिनसारखी औषधे पाण्यातील जीवांना फार घातक आहेत.