वस्तीतल्या मुलीला शिक्षिका करायचं असेल, तर अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा

सोलापूरच्या पूर्वभागात घराघरात तेलुगू चालतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड, तांड्यांवर लमाणी, नई जिंदगीत उर्दू. पहिलीत आलेल्या लेकराला बाई काय म्हणतात हे कळेपर्यंत दिवाळी येते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजी मुलांसाठी कन्नड शिकले आणि पाठ्यपुस्तकं मुलांच्या भाषेत नेली. २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे ते सगळ्यांना कळलं. दुसरा रस्ता असा, की त्या मुलांच्याच गल्लीतली मुलगी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका करून फळ्यापाशी उभी राहावी. अमेरिकेत इलिनॉय राज्याने वस्तीतल्या पालकांना आणि शाळेतल्या मदतनिसांना शिक्षक करण्यासाठी २००४ मध्ये कायदाच केला. मी इथे हे काम सीएसआरच्या, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशावर, लहान पथदर्शी प्रकल्पांतून केलं आहे. संस्थेची नोंदणी, करसवलतीची १२ए आणि ८०जी, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहिते.

१. एक शाळा निवडा

जिल्हा नको, तालुकाही नको. एक शाळा घ्या आणि दोन आकडे मोजा. पहिली ते पाचवीतली किती मुलं घरी मराठीखेरीज दुसरी भाषा बोलतात, आणि तिथल्या किती शिक्षकांना ती भाषा येते. हे दोन आकडे पहिल्या पानावर वरच लिहा. त्याखाली शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ नोंदवा, कारण शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं ते सांगतं. ‘सर्वसमावेशक सक्षमीकरण’ असल्या शब्दांनी पान भरू नका. वाचणाऱ्याला त्यातून शाळा दिसत नाही.

२. मुली शोधा

हे सोपं आहे. बारावी झालेली, गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी मुलगी प्रत्येक वस्तीत असते. बारावीच्या टक्क्यांची अट तेवढी आधी तपासा.

जातीच्या दाखल्याचं काम मात्र त्याच दिवशी हाती घ्या. विमुक्त-भटक्यांच्या मुलींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तो शोधण्यात महिने जातात.

३. बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा

माझा पहिला प्रकल्प इथेच बुडाला. फी होती, पुस्तकं होती, बसचा पास होता, टॅबसुद्धा होते. मुलींच्या निर्वाहासाठी एक रुपया नव्हता. देणगीदाराच्या माणसाने ती ओळ खोडली आणि मी खोडू दिली. दिवाळीनंतर विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. मी एकीच्या घरी गेले. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. म्हणाली, “ताई, पोरगी शिकली तर चांगलंच की. पण तिच्या वाटणीच्या विड्या मी कुठनं भरून काढू?”

मजुरी हजार विड्यांवर ठरते. विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर असतं, पण हात घरातल्या सगळ्यांचे असतात. मुलगी दिवसभर कॉलेजात गेली की घरातून कारखान्यात जाणाऱ्या विड्या कमी होतात आणि त्याच आठवड्यात किराणा कमी येतो. फी माफ करून हा खड्डा भरत नाही. म्हणून ‘प्रोत्साहन भत्ता’ हा शब्द मी प्रस्तावातून काढून टाकला. तो वाचला की समोरच्याला ते बक्षीस वाटतं आणि कात्री तिथेच लागते. मी ‘बुडालेल्या मजुरीची भरपाई’ असं लिहिते.

आकडा असा काढा. ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना असलेला फॉर्म घेऊन जाऊ नका, त्यात खरं उत्तर मिळत नाही. काल किती विड्या वळल्या, त्यात पोरीच्या हातच्या किती, हजारामागे हातात किती पडले, गेल्या महिन्यात विड्यांसाठी पानं किती दिवस मिळाली, एवढंच विचारा. चारपाच घरं केलीत की आकडा जुळायला लागतो. शिवणकाम किंवा शेतमजुरी करणाऱ्या घरांतही हीच रीत वापरा. सरासरीपेक्षा थोडा जास्त आकडा धरा, कारण सणाच्या महिन्यात घराला जास्त लागतं.

मग महिने मोजा. डी.एल.एड. दोन वर्षांचं, म्हणजे २४ महिने, असं लिहून थांबलात तर फसाल. पदविकेनंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे आणि ती ठरलेल्या वेळी होईलच असं नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२१ नंतरची टीईटी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. त्या रिकाम्या काळात मुलीचं लग्न ठरतं, नाहीतर ती पुन्हा सुपाशी बसते. पदविकेनंतरचे किमान सहा महिने तिला त्याच शाळेत मदतनीस म्हणून मानधन मिळेल, अशी सोय अंदाजपत्रकात हवीच. सीएसआरमध्ये ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतो. तेवढा काळ मागा. एका वर्षाचा पैसा देतो म्हणणाऱ्याकडून हा प्रकल्प घेऊ नका.

इथे एक सल्ला हमखास मिळेल. भत्ता प्रशासकीय खर्चात मोडतो आणि तो ५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, असं सांगतील. हे साफ चूक आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च २०२१ च्या नियमांनी त्यातून वगळला आहे. नियमाची प्रत छापून बैठकीला न्या आणि ती ओळ दाखवा.

तरीही पैसे कमी करा म्हणाले, तर मुलींची संख्या कमी करा. वीसऐवजी आठ घ्या. भरपाईच्या रकमेला हात लावू देऊ नका. अर्ध्या भरपाईवर वीस मुली घेतल्या तर शेवटी तीन उरतात, हे मी पाहिलं आहे.

पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात, महिन्याच्या ५ तारखेच्या आत पडले पाहिजेत. देणगीदाराचा हप्ता लांबतोच, म्हणून दोन महिन्यांची रक्कम संस्थेने बाजूला ठेवावी. गैरहजेरीसाठी पैसे कापू नका. तीन दिवस आली नाही तर चौथ्या दिवशी तिच्या घरी जा.

४. फलित म्हणून नोकरी लिहू नका

शाळेतली नेमणूक तुमच्या हातात नाही. टीईटीनंतर टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, मग गुणवत्ता यादी. पदविका उत्तीर्ण झालेल्या मुली, टीईटीला बसलेल्या मुली आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवलेले दिवस, एवढ्याचीच हमी द्या. घरच्यांनाही आधीच सांगा, की प्राथमिक शिक्षण सेवकाला, म्हणजे नव्याने नेमलेल्या शिक्षकाला, पहिली तीन वर्षं महिना १६,००० रुपये मानधन आहे. हे नंतर कळलं तर लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटात ९० लागतात. अर्जात भाषा निवडताना सांभाळा. तेलुगूचा पर्याय दिसतो म्हणून मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला तो भरायला लावू नका. ती घरी तेलुगू बोलते, पण ती लिपी तिने कधी वाचलेली नसते. असा एक अर्ज मी स्वतः भरून दिला होता आणि त्या मुलीची ती परीक्षा वाया गेली.

५. प्रस्ताव पाठवा

कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा ठरण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. मंजुरीचं पत्र आलं म्हणून लगेच वस्तीत सांगत सुटू नका. पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात दिसल्यावरच मुलीच्या आईकडे जा आणि सोमवारपासून पोरीला विड्यांतून मोकळी करा म्हणून सांगा.