रबरी ड्राइव्ह बेल्टच्या जागतिक व्यापाराचा कल कसा काढावा

यूएन कॉमट्रेडवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावर, नुसता ४०१० हा एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकू नका. त्यात खाणीतले कन्व्हेयर पट्टे आणि कॉम्प्रेसरचे व्ही-बेल्ट (इंग्रजी व्हीसारखा छेद असलेले) एकाच बेरजेत येतात. ४०१०.३१ ते ४०१०.३९ एवढेच उपकोड उतरवून घ्या.

हे उपकोड बेल्टचा वापर पाहत नाहीत, आकार आणि बाहेरचा घेर पाहतात. साध्या व्ही-बेल्टचा घेर ६० ते १८० सेंमी असेल तर ३२, १८० ते २४० असेल तर ३४. त्याच मापांचे रिब्ड (लांबीच्या दिशेने खाचा असलेले) व्ही-बेल्ट ३१ आणि ३३ मध्ये. टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टे) ६० ते १५० सेंमी असतील तर ३५, त्यापुढे १९८ पर्यंत ३६. यापेक्षा लहान-मोठे सगळे ३९ मध्ये. क्रशरचे लांब बेल्ट तिथेच सापडतात. ३१ मध्ये मोटारींच्या इंजिनांचे बेल्टही मिसळलेले असतात, म्हणून कारखान्यांची मागणी ३२ आणि ३४ वरून पाहिलेली बरी.

मालाची यादी कोडला जुळवताना हमखास चूक होते ती मापात. बी-६९ या बेल्टच्या नावात बी हा सेक्शन, म्हणजे छेदाचे ठरलेले माप, आणि ६९ इंच हा आतला घेर, म्हणजे १७५.३ सेंमी. बी सेक्शनची जाडी ११ मिमी. आतल्या घेरात २ × ३.१४ × ११ मिमी म्हणजे सुमारे ६.९ सेंमी मिळवा. बाहेरचा घेर १८२ सेंमीच्या वर गेला, कोड ३२ चा ३४ झाला.

आकड्यांची मालिका २००२ पासूनची घ्या. त्याआधी उपकोड २१ ते २९ होते आणि साधे व रिब्ड व्ही-बेल्ट वेगळे नव्हते. काही देशांनी एचएसची नवी आवृत्ती उशिरा लावली, तेव्हा प्रत्येक देशाचे पहिले वर्ष तपासा.

आता डॉलर बाजूला ठेवून आधी किलो पाहा. किलो स्थिर आणि डॉलर वर, तर वाढ मागणीची नाही: रबर महागले असेल, किंवा स्वस्त रॅप्ड (कापडात गुंडाळलेल्या) बेल्टच्या जागी महाग रॉ-एज (बाजू उघड्या असलेले) बेल्ट जात असतील. २०२१ च्या आयातीत जहाजभाड्याचाही फुगवटा आहे, कारण आयात बहुधा सीआयएफ (विमा आणि जहाजभाडे धरून) दराने नोंदतात आणि निर्यात एफओबीने (ते न धरता). दोन्ही बाजूंच्या आकड्यांत थोडा फरक राहणारच. दुपटीचा दिसला तर माल तिसऱ्या बंदरातून पुनर्निर्यात होतोय का ते शोधा.

३५ किंवा ३६ घसरला म्हणून टायमिंग बेल्टचा खप घटला असे लगेच म्हणू नका. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे बेल्ट साधारणपणे ४०१० मध्ये नसतातच. नव्या यंत्रासोबत आलेला बेल्टही यंत्राच्याच कोडमध्ये जातो.