लहान मुलांसाठी अंतराळसफरीची कविता कशी लिहावी

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी चार ओळींची पाच कडवी पुरतात. आधी विज्ञानातला एकच खरा नियम निवडा. संकट त्या नियमातून उभं राहिलं पाहिजे आणि सुटकाही त्यातूनच झाली पाहिजे. साहसाला खरा जोर इथून येतो.

उदाहरणार्थ, चंद्रावर हवा नाही, म्हणून आवाज पोचत नाही. मित्र विवरात अडकला, रेडिओ बिघडला, हाका मारून उपयोग नाही. पण प्रकाशाला हवा लागत नाही! टॉर्चची उघडझाप केली की मित्र सापडतो. दुसऱ्या कडव्यात नियम कळू दे, तिसऱ्यात अडचण, चौथ्यात युक्ती. असे आणखी दोन नियम: मंगळाचा चंद्र फोबोस पश्चिमेला उगवतो, त्यामुळे त्याच्यावरून दिशा ठरवणारा वाट चुकेल. शुक्राची स्वतःभोवतीची फेरी २४३ दिवसांची आणि वर्ष २२५ दिवसांचं. तिथे वाढदिवसाची गंमत करता येते.

चालीसाठी १६ मात्रांची ओळ सोपी. ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा, दीर्घाच्या २; अनुस्वार असलेल्या अक्षराच्या २, आणि जोडाक्षराचा आघात येतो त्या आधीच्या अक्षराच्याही २.

ढोल बडवला, ढुम् ना काही!
चंद्रावरती हवाच नाही.

दर चार मात्रांना एक टाळी, म्हणजे ओळीत चार टाळ्या. दुसऱ्या ओळीत ‘हवाच’ऐवजी ‘वातावरण’ घातलं तर १९ मात्रा होतात आणि चौथी टाळी चुकते. अवघड शब्दांनी कविता अडखळते ती बहुतेक वेळा अशी: अर्थ मुलांना कळतो, पण तोल जातो. ‘यान’ ३, ‘रोबो’ ४, ‘रॉकेट’ ५, ‘अंतराळ’ ६ मात्रांचा. हे हाताशी ठेवा. एका कडव्यात असा एकच शब्द बरा.

यमक जुळत नसेल तर ‘छान छान’, ‘बरं का’ अशी ठिगळं लावू नका. ओळीतल्या शब्दांचा क्रम बदला, शेवटी क्रियापदाऐवजी नाम आणा. परग्रहवासी काल्पनिक असला तरी त्याचे नियम पक्के हवेत. पहिल्या कडव्यात तो पाण्याला भितो, तर चौथ्यात पोहता कामा नये.

‘आणि मला जाग आली’ हा शेवट टाळाच. सारी सफर खोटी होती असं सांगून आपण मुलांचा विश्वास मोडतो. त्यापेक्षा खिशात चंद्राची धूळ घेऊन घरी येऊ द्या.

कविता झाली की स्वतः म्हणून पाहू नका. कवी चुकीची मात्रा नकळत लांबवून भरून काढतो. कागद मुलाच्या हातात द्या, मोठ्याने वाचू द्या. दोन-तीन मुलं एकाच शब्दावर अडखळली, तर तो शब्द बदला.