पावसाळ्यात फुगलेली वाहकता

पीएच.डी.च्या पहिल्या जुलैत माझ्या फिल्मची आयनवाहकता शंभर पटींनी वाढली आणि दोन दिवस मी हवेत तरंगत होतो. पॉलिएथिलीन ऑक्साइड हा पॉलिमर आणि लिथियमचा क्षार ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून, टेफ्लॉनच्या डिशमध्ये ओतून वाळवलेली ती साधी फिल्म होती: बॅटरीत द्रवाऐवजी आयन वाहून नेणारा घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइट. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून पुन्हा मोजली, तेव्हा आकडा मूळ जागी आला. वाढ पॉलिमरची नव्हती, क्षाराने हवेतून ओढून घेतलेल्या पाण्याची होती.

घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइटवर काम सुरू करणाऱ्याने कोरड्या फिल्मची वाहकता मुळात कमी का असते, हे आधी समजून घ्यावे. अशा मिश्रणांतून आयन वाहतात हे पीटर राइट यांनी १९७० च्या दशकात दाखवले आणि १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी ती बॅटरीसाठी सुचवली. परंतु लिथियम आयन पॉलिमरच्या साखळ्यांच्या हालचालीबरोबर, मुख्यतः अस्फटिक (साखळ्यांची नियमित रचना नसलेल्या) भागातूनच सरकतो आणि सुमारे ६५ अंश सेल्सिअसखाली बराचसा भाग स्फटिकरूप असल्याने ही वाट अडते. २०११ मध्ये पॅरिसमध्ये भाड्याने धावू लागलेल्या विजेच्या गाड्यांत हीच रसायनव्यवस्था होती, आणि म्हणूनच त्यांची बॅटरी गरम ठेवावी लागे.

मोजमापात नवखे विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते जाडीत. इम्पिडन्सच्या (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) आलेखावरून रोध काळजीपूर्वक काढतात, पण १०० मायक्रॉनची फिल्म स्क्रू गेजखाली दाबली जाऊन ८० भरली, तर वाहकतेचे उत्तर वीस टक्क्यांनी चुकते. जाडी पाच ठिकाणी मोजावी. शिवाय एकूण वाहकतेत लिथियमचा वाटा किती, हेही तपासावे. या पॉलिमरमध्ये तो बहुधा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि बाकीचा प्रवाह ऋण आयन वाहतात.

विषय ठरवण्यापूर्वी मार्गदर्शकांना एक प्रश्न निःसंकोच विचारावा: आरगॉनचा ग्लव्ह बॉक्स (हवा आणि ओलावा आत येऊ न देणारी, हातमोज्यांतून काम करण्याची बंद पेटी) विभागात आहे का, आणि तो चालू आहे का? (दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.) नसेल तर लिथियम धातूच्या बॅटरीचा हट्ट सोडून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा कायटोसान यांवर आधारित सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज होणारे वीज साठवण्याचे साधन) निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथेही ओलावा वाहकता बदलतोच; म्हणून माझ्या नोंदवहीत तापमानाशेजारी सापेक्ष आर्द्रतेचा रकाना आता कायमचा आहे.